जावेला इंग्रजीत शब्द नाही

आमच्या वाडीत सगुणाकाकीचं मुसळ सगळ्यांच्या ओळखीचं. खैराचं लाकूड, बुडाला लोखंडी वसवी, म्हणजे कडं, एका हाताने उचललं तर मनगट भरून येतं. त्या मुसळाने तिने भात कांडलं, पोहे कांडले, आणि दोनदा ते माणसावर चालवलं. पहिल्या वेळी विमलाचे पुढचे दात गेले. दुसऱ्या वेळी विमलाच्याच मुलाचा हात मोडला. त्या दुसऱ्या वेळी मी समोर होते.

विमला ही काकीची जाऊ. सख्खी नव्हे, चुलत. काकीचा नवरा गंगाराम आणि विमलाचा नवरा भागोजी, दोघे चुलत भाऊ. घर एकच लांबलचक, मधे दीड वीत जाडीची मातीची भिंत घालून दोन केलेलं. पुढचं खळं, म्हणजे अंगण, दोघांचं, विहीर दोघांची. आमचं घर त्यांच्या वरच्या अंगाला. आमची भावकी वेगळी, त्यामुळे त्यांच्या भांडणात आम्हाला फक्त ऐकायचं काम.

भांडण काजूच्या बागेतल्या गडग्यावरून. गडगा म्हणजे जांभ्या दगडाची रचलेली हद्द. दर पावसाळ्यानंतर भागोजी तो गडगा हातभर पुढे सरकवायचा आणि विचारलं तर म्हणायचा, पाण्याने ढासळला, मी नीट लावला. एका वर्षी गंगारामने दगड उचलून मागे टाकायला सुरुवात केली. भागोजीच्या हातात बेणणीचा, रान साफ करायचा कोयता होता. त्याने तो गंगारामच्या मानेत घातला. काकी भाकरी घेऊन वर चढत होती. तिने नवऱ्याची मान पदराने दाबून धरली, वाडीतल्या पोरांनी जीप आणली, पण हातखंबा नाका यायच्या आधीच पदराखालचं धडधडणं थांबलं. काकीचा मुलगा संदेश तेव्हा चालायला लागून वर्षच झालं होतं.

जीप तशीच परत आली. काकी उतरली ती सरळ घरात गेली, मुसळ घेऊन बाहेर आली आणि खळ्यात उभ्या असलेल्या विमलाच्या तोंडावर घातलं. विमलाने काही केलं नव्हतं. ती पोराला, बाबल्याला, कडेवर घेऊन नुसती उभी होती. नंतर पोलिसांनी विचारलं तेव्हा विमला म्हणाली, विहिरीच्या पायरीवर पडले. तोंडाला फडकं धरून तेवढंच म्हणाली. त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. विहिरीवर एकीची कळशी भरली की ती दहा पावलं जायची, मग दुसरी पुढे यायची.

भागोजीला शिक्षा झाली. तो आत असताना वाडीतल्या जाणत्यांनी काकीला सांगितलं की देवीसमोर हातावर पाणी घे आणि त्या घराचं सुतक तोड. असं केलं की ते भावकीतून गेले. त्यांच्या घरी मेलं-जन्मलं तरी आपल्याला सुतक नाही, सोयर नाही. सगळ्यांना वाटलं, ही आनंदाने तोडील. काकी देवळात आली, पाण्याची पळी पुढे केली तशी हात मागे घेतला आणि घरी निघून गेली. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. तिच्या मनात काहीतरी मऊ आहे असं काहीजण म्हणाले. मी तिला ओळखत होते. मऊ काही नव्हतं.

काजूच्या फॅक्टरीत बी फोडून तिने संदेशला वाढवलं. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागतं, कातडं जळतं, काळं पडून सोलतं. ते हात अजून तसेच आहेत. संदेश रत्नागिरीला आयटीआय करून जहाजाच्या इंजिनात लागला. भागोजी शिक्षा भोगून परत आला तेव्हा तो केस पिकलेला, पाठीत वाकलेला म्हातारा झाला होता. दिवसभर पायरीवर बसून सुंभ वळायचा. काकी खळ्यातून जाताना त्याच्या वळलेल्या सुंभावर थुंकायची आणि तो धोतराने पुसून पुन्हा वळायला लागायचा. हे रोजचं झालं होतं.

पलीकडे बाबल्या मोठा झाला. खुन्याच्या पोराला मुलगी कोण देणार? दोन ठिकाणी बोलणी लागली आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी कान फुंकले. तो पिऊ लागला. पिऊन आला की बापाला मारायचा, आई मधे पडली तर तिला मारायचा. भिंत मातीची, सगळं अलीकडे ऐकू यायचं. काकी त्या वेळी पाटा काढून वाटण वाटायला बसायची. एकदा मी तिच्याकडे ताक मागायला गेले आणि पलीकडून धपाधप आवाज येत होते. मी म्हटलं, काकी, तो म्हातारा मरेल. ती वरवंटा न थांबवता म्हणाली की मरूदे, पन सावकास.

संदेशचं लग्न ठरलं ते त्याचं त्याने ठरवलं. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी, आपल्यातलीच, पण बापाची नोकरी मस्कतला, त्यामुळे सगळं शिक्षण तिकडे इंग्रजीत झालेलं. मुंबईत जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एका एजन्सीत ती कामाला होती, तिथे ओळख झाली. आईबाप आता रत्नागिरीत घर बांधून राहिलेले. मुलगी मराठी बोलायची, पण नात्यांचे शब्द तिला येत नव्हते. सगळे अंकल, सगळ्या आंटी. लग्नात कोणाच्या पाया पडताना काय म्हणायचं हे शिकायला ती रोज दुपारी होणाऱ्या सासूला फोन करायची.

खालच्या घरात रेंज नाही. आमच्या ओटीवर मिळते. म्हणून काकी दुपारी आमच्याकडे येऊन बसायची आणि फोन मोठ्या आवाजात लावायची. मीही सुपात तांदूळ घेऊन बसायचे. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, इंग्रजीत जेमतेम पास झालेली, तरी काकी अडली की माझ्याकडे बघायची.

एक शब्द शिकवला की काकी एक शब्द मागायची. व्यवहारच होता तो.

"आत्येला काय म्हंतात तुमच्यात?"

"आंटी."

"मावशीला?"

"आंटीच."

"काकी, मामी?"

"त्यापण आंटी, आई."

काकी माझ्याकडे बघून म्हणाली, "एकच बाय गो सगळीकडं. मग रुसतंय कोन लग्नात?"

मग दीर, मेहुणा, साडू, नणंदेचा नवरा असं विचारून झालं. सगळ्यांना ब्रदर-इन-लॉ. लॉ म्हणजे काय, असं काकीने मला विचारलं. मी म्हटलं, कायदा. कोर्टाच्या तारखांना काकी पोर काखेला मारून वर्षभर गेली होती, कायदा म्हणजे काय ते तिला माहीत होतं.

"म्हंजे मी तुजी कायद्यान आई?"

मुलगी हसली, म्हणाली, शब्दाचा अर्थ तसाच होतो.

"बरा हाय. माजा एक कायद्यान दीर व्हता. त्याला कायद्यानच आत टाकलान."

गंगारामला भाऊबंदकीत मारलं हे मुलीकडच्यांना संदेशने सांगितलं होतं. मारणारा भिंतीपलीकडे राहतो आणि रोज पायरीवर बसतो, हे त्याने सांगितलं नव्हतं. काकीनेही सांगितलं नाही. मुलीला नात्यातली माणसं एकेक करून शिकवताना ती शेजारचं घर नेमकं गाळायची.

जाऊ या शब्दाला मुलगी अडली. संदेश एकुलता असल्यामुळे तिला जाऊ असणारच नव्हती, तरी काकीने विचारलं. मुलगी म्हणाली, इंग्रजीत असा शब्दच नाही. मस्कतच्या शाळेत आपल्याकडच्या मुली को-सिस्टर म्हणायच्या, पण टीचर म्हणायची की इंग्लंडातल्या माणसाला हे कळणार नाही, तिकडे नवऱ्याच्या भावाची बायको असं लांबलचक सांगावं लागतं.

"येवडा सांगपर्यंत ती पानी भरून घरी जाईल," काकी म्हणाली. मग बराच वेळ ती सुपातले खडे वेचत राहिली. "शब्द नाय म्हंजे थय जावा भांडत नसतील?"

"भांडत असतील. पण एका घरात राहत नाहीत ना."

दुसऱ्या एका दुपारी बोलता बोलता मुलीने एक इंग्रजी म्हण सांगितली आणि तिचा अर्थ सांगितला की रक्त पाण्यापेक्षा दाट असतं, म्हणजे आपली माणसं ती आपलीच. काकीने ती म्हण ऐकून घेतली. गंगाराम गेला तेव्हा जीपमधून त्याला खालच्या खळ्यात उतरवला होता.

"खरा हाय," ती म्हणाली. "खळ्यात सांडला तर शेनाचा एक हात दिलास तरी वर येतो. दुसरा दिलास तरी येतो. तिसऱ्याला जातो."

मुलीला कळलं नाही. तिने विचारलं, काय जातं? काकीने लग्नाच्या साडीचा रंग विचारला.

लग्न परवावर आलं. हॉल रत्नागिरीत, पण घरचे विधी घरी. खळ्यात मांडव पडला. मेढींसाठी, मांडवाच्या खांबांसाठी, खड्डे पहारीने खणले, पहार तिथेच भिंतीला टेकून ठेवली. दुपारी घाणा भरला. काकीचं तेच मुसळ धुऊन हळद लावलं, आंब्याच्या पानांचा टाळा बांधला आणि आम्ही पाच सवाशिणींनी ओव्या म्हणत कांडलं. काकी स्वतः बाजूला उभी, हात पदरात गुंडाळून. देवक दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचं होतं. वाडीतल्या प्रत्येक घराला अक्षत गेली होती, एका घराला सोडून. ते घर त्याच मांडवाखाली होतं. मांडवाच्या दोन मेढी त्यांच्या दारासमोर होत्या.

घाणा आटपून बायका पांगल्या. संदेश हातखंब्याला फुलांचं सांगायला गेला होता. मी परातीतला तांदूळ गोळा करत होते. बाबल्या आला तो डुलत नव्हता, सरळ चालत होता, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. त्याने मांडवाकडे बघितलं, टाळा बांधलेल्या मुसळाकडे बघितलं. भागोजी पायरीवर सुंभ वळत बसलेला.

"बगतंस?" बाबल्या बापाला म्हणाला. "बाजूला पोराचा मांडव हाय. तुज्या पोराला कोन देनार?"

भागोजी सुंभाला पीळ देत राहिला. बाबल्याने भिंतीला टेकलेली पहार घेतली.

पहिला घाव खांद्यावर बसला. म्हातारा पायरीवरून खाली आला, चार पायांवर. त्याने हात वर केला नाही, ओरडलाही नाही. दुसरा घाव डोक्यात बसला त्याचा आवाज सुका नारळ फोडताना होतो तसा होता. त्यानंतर बाबल्या का मारत होता मला कळत नव्हतं, कारण मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या हातातली परात पडली आणि तांदूळ सगळीकडे झाला. माझ्या तोंडून देवीचं नाव निघालं, दुसरं काही निघालं नाही.

विमला आतून धावत आली आणि नवऱ्यावर पालथी पडली. बाबल्याने तिचे केस धरून तिला ओढलं, बाजूला फेकलं, तिचं कपाळ मेढीवर आपटून फुटलं. त्याने पहार तिच्यावर उचलली.

काकी आपल्या दारात उभी होती. भागोजीला मारताना ती हलली नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिने ते सगळं बघितलं, पाटा काढला नाही इतकंच. पण विमलावर पहार उचलली आणि काकी मुसळाकडे गेली. टाळ्यासकट उचललं. दोन हातांनी, कांडताना उचलतात तसं उंच नेलं आणि बाबल्याच्या हातावर सोडलं. कोपराच्या खाली हात भलत्या बाजूला वाकला. पहार पडली. तो गुडघ्यावर आला तसं तिने वसवीचं टोक त्याच्या गळ्याला लावलं आणि पुरुष माणसं येईपर्यंत तसंच धरून ठेवलं. आंब्याची पानं त्याच्या छातीवर लोंबत होती.

पोलिसांनी बाबल्याला नेलं. मयत सिव्हिलला नेलं. पहार नेली आणि मुसळही नेलं, हळदीसकट.

सकाळी देवकाच्या वेळेला व्याही गाडी घेऊन आले. वाडीतल्या कोणीतरी रात्रीच फोन करून त्यांना मागचं सगळं सांगितलं होतं. वाईट वाटलेलं तोंड करून आले, आणि वाटलंही असेल. ते मांडवात थांबले नाहीत. बाजूला, आमच्या गडग्यापाशी उभे राहिले. काकी त्यांच्यापासून लांब उभी राहिली. भटजींना त्यांनी बरोबर आणलं होतं. भटजी म्हणाले की चुलत असला तरी एका कुळातला, दहा दिवसांचं सुतक लागतं, उद्याचं लग्न होत नाही. मात्र देवक बसल्यानंतर कोणी गेलं तर सुतक लग्नाला आड येत नाही, असं शास्त्र आहे.

सगळ्यांना कळलं ते कशासाठी सांगतात. देवक बसलं नव्हतं. पण ते घरातलं काम, बाहेरचं कोण बघायला आलं होतं? काकीने एवढंच म्हणायचं होतं की काल सकाळी बसवलं. भटजी त्यावर काही विचारणार नव्हते.

व्याही समजुतीने बोलत होते. मस्कतहून माणसं आली आहेत. संदेशला जहाजावर हजर व्हायचं आहे, हा मुहूर्त गेला की तो वर्षभर समुद्रावर. आणि ज्याने तुमचं कुंकू पुसलं त्याच्यासाठी आपल्या पोराचं लग्न मोडणार? फोनवर कोणाला तरी ते मधेच इंग्रजीत सांगत होते. बोलून झाल्यावर काकीने मला विचारलं की ते काय म्हणाले. मी ऐकलं होतं. डिस्टंट रिलेटिव्ह, म्हणाले. मी सांगितलं, लांबचा नातेवाईक.

काकीने मागे वळून घराकडे बघितलं. दीड वितीची भिंत.

"लांबचा कंचा?" ती व्याह्यांना म्हणाली. "रात्रीचा खोकला तर मला कळायचा."

व्याही म्हणाले, मग तुम्ही सुतक तोडलं कसं नाहीत इतकी वर्षं? सगळ्यांनी सांगितलं होतं ना?

तेव्हा ती बोलली. वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं ते.

"तोडला असता तर तो परका झाला असता. परक्याशी वैर कसला ठेवायचा? मला त्याचा वैर पायजे व्हता. रोज पायजे व्हता. म्हनून ठेवला नाता."

भटजी खाली बघत राहिले.

"आता देवक बसवला म्हनून खोटा सांगू? वैर खरा आनि सुतक खोटा, असा नाय चालत. लागला ता लागला."

व्याही म्हणाले, मग हे लग्न आमच्याकडून संपलं असं समजा. तिने मान हलवली. त्यांनी गाडी वळवली तेव्हा चाकाखाली केळीचा एक खांब आला आणि मोडला.

दुपारी मयत आलं. आता अग्नी कोणी द्यायचा? मुलगा कोठडीत. भागोजीला दुसरं पोर नाही. जवळचा पुरुष म्हणजे संदेश. तो सकाळपासून मांडवात पालथ्या पिंपावर बसून होता. लग्न गेलेलं, जहाज तेवढं राहिलेलं. जाणत्यांनी त्याला विचारलं. तो उठला आणि म्हणाला, मी त्याला हात लावणार नाही. माझ्या बापाचं तोंड मला आठवत नाही, ते या माणसामुळे. कुत्र्यांना घाला.

काकी त्याच्यासमोर गेली. मला वाटलं, आता ती त्याला मारणार.

"तुला माफ कर म्हनत नाय," ती म्हणाली. "तुज्या बापसाला त्यान तोडलान. तू त्याला जाळ."

संदेशने अंगातला शर्ट काढला आणि मडकं उचललं.

बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही खळ्यात होतो. पऱ्ह्यापलीकडून, ओढ्याच्या त्या काठावरून, धूर दिसला तसं काकीने चुलीतली राख, शेण आणि पाणी कालवलं आणि पायरीखालचं रक्त सारवायला बसली. तिच्यापासून हातभरावर कपाळाला पट्टी बांधलेली विमला बसली आणि तिनेही शेणाचा गोळा घेतला. दोघी सारवत होत्या, एकमेकींकडे न बघता. तांदळाचे दाणे शेणात चिकटत होते.

दोन्ही घरांना सुतक, त्यामुळे आम्ही वरून पेज पाठवायचो. एका घरासाठी वेगळी, दुसऱ्या घरासाठी वेगळी. मुलीचे फोन माझ्या मोबाइलवर, ओटीवर येत होते. पण सुतकातली काकी माझ्या ओटीवर चढणार नव्हती आणि खाली रेंज नव्हती. संदेशचा नंबर मुलीच्या बापाने तिच्या मोबाइलमधून काढून टाकला होता म्हणे. मी तिला म्हटलं, बाय, तुला बोलायचं असेल तर यावं लागेल.

ती आली. एसटीने हातखंब्यापर्यंत आणि पुढे रिक्षाने, एकटी. खळ्यात येऊन उभी राहिली. मांडव अजून तसाच, पानं सुकलेली, पायरीखाली सारवलेला डाग परत वर आलेला. ती त्या डागाकडे बघत होती. बापाने तिला वाटेत अडवलं असेल, घरी रडारड झाली असेल, त्यातलं ती काही बोलली नाही. पुढे येऊन काकीच्या पाया पडायला वाकली.

"लांब बस. शिवू नको," काकी म्हणाली.

ती लांब बसली. मग काकीला तिने विचारलं की ते खरं आहे का, की एक खोटं बोलून लग्न होत होतं आणि आई नाही म्हणाल्या. काकी म्हणाली, खरं आहे. मुलगी मातीत बोटाने रेघा ओढत बसली. तिला राग आला होता. मला तो दिसत होता, आणि यायला हवाही होता.

"मला फोनवर सगळी नाती सांगितलीत," ती म्हणाली. "हे नाही सांगितलंत."

एवढ्यात पलीकडच्या दारातून विमला राखेची पाटी घेऊन बाहेर आली. अनोळखी मुलगी बघून तिने सवयीने तोंडावर पदर घेतला. दात गेल्यापासून ती तसाच घेते.

"ह्या कोण?" मुलीने विचारलं.

काकीने विमलाच्या पदराकडे बघितलं.

"माजी जाऊ," ती म्हणाली. "तुजी चुलतसासू."

मुलीने बसल्या जागेवरून हात जोडले. जाऊ हा शब्द तिला माहीत होता. तिच्या इंग्रजीत नव्हता तोच. विमलाने पाटी खाली ठेवली आणि उभीच राहिली. तिला माझ्यादेखत इतक्या वर्षांत कोणी नात्याने हाक मारली नव्हती.

लग्न झालं. सुतक फिटल्यावर, हॉलमध्ये नव्हे, आमच्या देवीच्या देवळात. संदेशचं जहाज गेलं. दुसरं मिळायला त्याला बराच काळ घरी बसावं लागलं. व्याही आले, पण मागे खांबाला टेकून उभे राहिले आणि जेवले नाहीत. बाबल्या अजून तुरुंगात आहे, त्याचा हात वाकडाच बसला. विमला त्याला भेटायला जाते तेव्हा काकी तिला विचारत नाही.

त्या लग्नाआधी घाणा पुन्हा भरायचा होता. मुसळ कोर्टात. आता कोणाचं मागावं, असं मी म्हणत होते, तोवर विमला आपलं मुसळ घेऊन खळ्याच्या मधोमध आली आणि तिथेच थांबली. काकी पुढे झाली. तिने ते घेतलं, एका हाताने वर उचललं, तोललं.

"हलका हाय गो," ती म्हणाली.

"तुजा जड व्हता," विमला पदराआडून म्हणाली. "मला ठावा हाय."